दोरखंडाच्या कारखान्यातले बहात्तर दिवस

दोरखंडाच्या कारखान्यात ताप शिरला तेव्हा ताई एक्केचाळीस वर्षांची होती, आणि शहरात तिला ओळखत नाही असं घर शोधूनही सापडलं नसतं. तिला ताई म्हणणारा सख्खा भाऊ एकच. पण त्याचं ऐकून दवाखान्यातला शिपाई ताई म्हणू लागला, मग डॉक्टर, मग रोगी, आणि शेवटी तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही तिला ताईच म्हणू लागली.

शिकलेली नर्स म्हणजे काय, हे त्या शहराने तिच्यामुळेच पाहिलं. तोवर दवाखान्यात ज्या बायका कामाला असत त्या फरशीही पुसत आणि रोग्याचं अंगही पुसत, कधीकधी एकाच पाण्याने. ताईने एकोणिसाव्या वर्षी घरी सांगितलं की ती राजधानीत जाऊन हे काम रीतसर शिकणार आहे. वडील कुलपं दुरुस्त करायचे. त्यांनी दोन दिवस तोंड फिरवलं, लोक काय काय म्हणतील ते सगळं म्हणून दाखवलं, आणि तिसऱ्या दिवशी तिची ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेऊन स्टेशनवर गेले. "कुलूप नवं बसवलंय," गाडी सुटताना ते म्हणाले. "किल्ली हरवू नकोस, ते माझ्याच्यानेही उघडणार नाही." तीन वर्षांनी ती परत आली तेव्हा वडील उरले नव्हते. आई होती, आणि शाळेच्या शेवटच्या वर्षातला धाकटा भाऊ.

लढाई सुरू झाली तेव्हा दवाखान्याचे चार डॉक्टर आघाडीवर गेले आणि एकच म्हातारा डॉक्टर मागे राहिला. आगगाड्या भरभरून जखमी येऊ लागले. रीत अशी होती की आधी अधिकारी, मग हवालदार, मग साधे शिपाई. ताईने दुसऱ्याच आठवड्यात ही रीत मोडली. ती फलाटावर उभी राहून प्रत्येक स्ट्रेचरपाशी वाकायची आणि खडूने कपाळावर खूण करायची. एक रेघ म्हणजे लगेच, दोन म्हणजे थांबेल, तीन म्हणजे नुसतं जवळ बसायचं. खांद्यावरच्या फिती ती पाहतच नसे. एकदा बोटाला गोळी चाटून गेलेल्या एका कप्तानाने आवाज चढवला, तेव्हा तिने त्याच्या धड हातात पुठ्ठा दिला. "साहेब, ह्या पोराचा पाय कापावा लागणार आहे. तुमचा नंबर येईपर्यंत त्याला जरा वारा घाला." कप्तान आधी लाल झाला, मग खरंच वारा घालत बसला. तक्रार वरपर्यंत गेली. पण वरचे लोक चौकशीला आले तेव्हा म्हाताऱ्या डॉक्टरने फक्त मेलेल्यांचे आकडे पुढे ठेवले. ते निम्म्यावर आले होते. पुढे बाकीच्या दवाखान्यांनीही खडू घेतले.

भाऊ छापखान्यात खिळे जुळवायचा. उलटी अक्षरं सरळ वाचायची त्याला इतकी सवय झाली होती की सरळ पाटी वाचताना तो अडखळतो, अशी त्याची थट्टा चालायची. लढाईच्या पहिल्या हिवाळ्यात त्याला बोलावणं आलं. दुसऱ्या हिवाळ्यात तो गेला. मृतांची यादी आधी दवाखान्यात यायची, त्यामुळे ती वाचणारी ताई पहिली होती. ती यादी घडी करून घरी आली. भावजय यंत्रावर बसून कुणाचातरी कोट शिवत होती. ती शहरातली चांगली शिवणकाम करणारी होती, हातावेगळं केलेलं तिचं काम कधी परत आलं नव्हतं. ताईच्या तोंडाकडे पाहून तिने यंत्र थांबवलं.

"सांगा," ती म्हणाली. "उभ्या उभ्याच सांगा, बसू नका."

ताईने सांगितलं. भावजयीने सुईखालचा कोट काढला, दोऱ्याचं टोक तोडलं, आणि मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आठ वर्षांची ठकी (मुलीचं खरं नाव वेगळं होतं, पण बाहुलीसारखी गोल म्हणून तिला सगळे ठकी म्हणत) आत्याला विचारत राहिली, आई अशी दिवसाढवळ्या का झोपली.

ह्याला दीड वर्ष झालं आणि लढाईचं पारडं फिरलं. शत्रूचे अकराशे कैदी शहरात आणले गेले. त्यांना ठेवायला जागा कुठे होती? नदीकाठी दोरखंडाचा जुना कारखाना बंद पडला होता, तिथे त्यांना कोंडलं. दोर वळायला सरळ लांब जागा लागते, म्हणून ती शेड अरुंद आणि चारशे पावलं लांब होती. एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसायचा. तिसऱ्या आठवड्यात तिथे ताप सुरू झाला. डोकं फुटेल असं दुखणं, अंगावर लालसर पुरळ, मग वात. पहारेकऱ्यांनी आत जाणं सोडलं. ते फाटकातून पावाच्या गोण्या आत ढकलायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे.

म्हाताऱ्या डॉक्टरने फाटकातूनच पाहून ताप ओळखला. "उवांचा ताप आहे," त्याने ताईला सांगितलं. "मला एकदा होऊन गेलाय, म्हणून मी जाऊ शकतो. पण इथे दोनशे जखमी टाकून जाऊ कसा? आठवड्यातून एकदा येईन फार तर."

"मी जाते," ताई म्हणाली.

"तुला झालेला नाही."

"तुम्हालाही एकदा झालेला नव्हताच की."

डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत राहिला. "तुझ्या भावाला त्यांनीच..." एवढं बोलून तो थांबला.

"ते मला माहीत आहे, डॉक्टर. यादी मीच वाचली होती."

घरी सांगणं त्याहून अवघड होतं. आईने ऐकलं आणि चुलीपुढून उठलीच नाही. भावजय ऐकता ऐकता हसली, आणि ते हसणं ताईला शिवीपेक्षा जास्त लागलं.

"बरं आहे," भावजय म्हणाली. "ह्यांना पाणी पाजायला तिकडे कोण होतं, ते विचारून या त्यांना."

"मला तेच वाटतं," ताई म्हणाली. "की तिकडे कुणीतरी असायला हवं होतं."

"तुमच्या दवाखान्यात चालतं असलं बोलणं. घरात नाही चालत." आणि तिने यंत्राचं चाक फिरवलं.

ताई दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात शिरली. त्या पहिल्या दिवसाबद्दल ती पुढे आयुष्यभर फार कमी बोलली. जिवंत आणि मेलेले शेजारी शेजारी पडले होते आणि कोण कुठला हे हात लावल्याशिवाय कळत नव्हतं. कोपऱ्यातून कुणीतरी तिच्या भाषेत म्हणालं, "बाई, चुकून आलात का?" तो कैद्यांमधला शाळामास्तर होता. सीमेजवळच्या गावात वाढल्यामुळे त्याला दोन्ही भाषा येत. त्याचा ताप नुकताच उतरला होता आणि तो भिंतीला धरून उभा राहू शकत होता.

"चुकून नाही," ताई म्हणाली. "उभं राहता येणारे किती आहेत?"

"साठ असतील. चालता येणारे चाळीस."

"चाळीस पुष्कळ झाले."

पुढचे दिवस तिने त्या चाळिसांच्या जोरावर काढले. दोराला डांबर लावायच्या सहा मोठ्या कढया कारखान्याच्या अंगणात पडून होत्या. त्या खरवडून घेतल्या आणि त्यांत कपडे उकळायला घातले. शेडचे तीन भाग केले: ताप न आलेले, आलेले, उतरलेले. सगळ्यांची डोकी भादरली. सुरुवात ताईने स्वतःपासून केली. मास्तराच्या हातात कात्री देऊन ती अंगणात उलट्या बादलीवर बसली, आणि केस पडू लागले तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या कैद्यांनी माना खाली घातल्या. "त्यांना सांग," ती मास्तराला म्हणाली, "की हे केस तसेही पांढरे व्हायला लागले होते. मला निमित्तच हवं होतं." मास्तराने सांगितलं. त्या कारखान्यात कितीतरी आठवड्यांनी कुणीतरी हसलं.

नियम तिने तिथेही तोच ठेवला. कोण कोणाचा, कोणत्या हुद्द्याचा, हे बघायचं नाही. ज्याला आधी लागेल त्याला आधी. मास्तराकडे एक वही दिली. मेलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि धंदा त्यात लिहायचा, म्हणजे लढाई संपल्यावर त्यांच्या घरी कळवता येईल. "तुमच्या लोकांनी हे काम करायचं ठरवलंय?" मास्तराने विचारलं. "मी ठरवलंय," ताई म्हणाली.

शहराने मात्र वेगळं ठरवलं होतं. पेपरात कुणीतरी लिहिलं की आपले जवान तळमळत असताना दवाखान्याची मुख्य नर्स शत्रूला भरवते आहे. घराच्या काचेवर दगड पडला. दूधवाला आळीत यायचा आणि नेमकं त्यांचंच दार ओलांडून पुढे जायचा. भावजयीकडे शिवायला टाकलेले कपडे लोक अर्धवट शिवलेलेच परत नेऊ लागले. ठकीच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, तापाच्या घरातली मुलगी वर्गात नको. खरं तर ताईने त्या दिवसापासून घरात पाऊलही टाकलं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी भावजय फाटकाशी आली. ताईला नेण्यासाठीच आली होती, आणि काय बोलायचं ते वाटेत घोकलेलं होतं. पहारेकऱ्याने हाक मारली तेव्हा ताई अंगणात आली. दोन हाडांवर कपडे टांगावेत तशी ती दिसत होती. डोकं तासलेलं, डोळे खोल गेलेले. भावजय घोकलेलं सगळं विसरली.

"हे काय करून घेतलंत?" एवढंच ती म्हणाली.

"घरी सगळं ठीक?"

"ठीक कसलं? आईंनी दूध सोडलंय, मिळत नाही म्हणून. ठकीला शाळेतून काढलंय. परत चला, ताई. बास झालं."

"थोडं थांबतेस? आत एकाला पाणी पाजत होते, तसंच टाकून आलेय." आणि ताई आत गेली ती परत यायचीच विसरली.

भावजय फाटकाशी उभी राहिली. कढयांजवळ एक कैदी काठीने कपडे ढवळत होता. त्याचे हात इतके थरथरत होते की काठी पुन्हा पुन्हा निसटायची आणि उकळतं पाणी त्याच्या पायावर उडायचं. तिने दोनदा तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा ती पहारेकऱ्याला म्हणाली, "दार उघडा," आणि आत जाऊन त्या माणसाच्या हातातली काठी काढून घेतली. दिवस मावळेपर्यंत तिने दोन कढया कपडे उकळून पिळून दोरीवर टाकले होते.

ताई बाहेर आली आणि तिला पाहून जागीच थांबली.

"माफबिफ काही केलेलं नाही मी," भावजय तिच्याकडे न बघताच म्हणाली. "आधीच सांगून ठेवते. घरी शिवायला काही नाही, हात रिकामे आहेत, म्हणून आले. आणि तुमचं हे डोकं बघून आता स्थळं यायची नाहीत."

"आधी तरी कुठे रांग लागली होती," ताई म्हणाली. मग दोघी हसल्या, भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदाच एकत्र.

घरी रोज येणं-जाणं धोक्याचं होतं, म्हणून भावजय फाटकाजवळच्या मुकादमाच्या खोलीत राहू लागली. ठकी आजीजवळ होती. चौथ्या दिवशी भावजयीने ताईच्या मनगटावरच्या बाहीत दोन बोटं घालून पाहिली. "इथून तर अख्खी उंदरं आत जातील, उवांचं काय घेऊन बसलात?" तिने पहारेकऱ्याकरवी घरचं यंत्र मागवलं, तंबूचं घट्ट विणीचं कापड मिळवलं, आणि एकसंध अंगरखा शिवला. पायजमा आणि सदरा एकत्र, मनगटाशी आणि घोट्याशी दुहेरी नाडी, गळा बंद. नाड्यांवर रॉकेल चोळायचं. म्हाताऱ्या डॉक्टरने तो पाहिला, उलटासुलटा केला, आणि म्हणाला, "बाई, हे तुम्ही डोक्यातून काढलंत?" त्या अंगरख्यानंतर काम करणाऱ्या कैद्यांमध्ये ताप येणं जवळजवळ थांबलं.

कापड मात्र बेताचं होतं. सतरा अंगरखे झाले आणि ते संपलं. आत रोग्यांना उचलणाऱ्यांना ते आधी, असं ताईनेच सांगितलं होतं. भावजय बाहेर कढयांवर असायची, साध्या लुगड्याचा पदर खोचून. पण आतून येणारा कपड्यांचा ढीग, न उकळलेला, वळवळणारा, सर्वात आधी तिच्या हातांखालून जायचा. हे ताईला माहीत नव्हतं असं नाही. तिनेच सगळ्यांना बजावलं होतं की ढिगाला हात लावायचा नाही, काठीने उचलायचं. पण शिवणाऱ्या बाईचे हात कापड काठीने उचलत नाहीत. चारशे पावलांच्या शेडमध्ये कोणाची कूस बदलायची राहिली हे ध्यानात ठेवणाऱ्या ताईने अठराव्या अंगरख्याचा विचार केला नाही. तिला कधी सुचलंच नाही. पुढे जन्मभर ती स्वतःला हेच विचारत राहिली, की सुचलं कसं नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी एक फाटलेला अंगरखा सांधताना भावजयीने टाका चुकवला. एकाच बाहीला तिने दोनदा उलटी शिवण घातली आणि वैतागून म्हणाली, "डोकं फार ठणकतंय हो आज." ताईने तिच्या कपाळाला हात लावला. थर्मामीटर लावायची गरज नव्हती.

तिला मुकादमाच्या खोलीतच ठेवलं. पहिला आठवडा ती शुद्धीवर होती. ताई शेडमधून दर तासाला येऊन जायची आणि भावजय तिच्यावर डाफरायची, "सारखं काय बघता? मी काय दूध आहे उतू जायला?" दुसऱ्या आठवड्यात वात झाला. मग ती नवऱ्याशी बोलायची, कोटाच्या बाह्यांबद्दल बोलायची. ठकीचं नाव मात्र घेत नसे, आणि ताईला ते बरंच वाटायचं.

ह्या तापात शेवटी हृदय थकतं. त्यावर कापराचं इंजेक्शन होतं. दवाखान्यातून त्याच्या थोड्या कुप्या यायच्या, आणि ताईचा नियम पक्का होता. ज्याची नाडी बुडू लागली आहे पण जो अजून वर येऊ शकेल, त्याला आधी. चौपन्नाव्या दिवशी सकाळी तीन कुप्या शिल्लक होत्या. शेडच्या मधल्या भागात एक पाव भाजणारा होता, बावीस वर्षांचा, धिप्पाड. त्याची नाडी पहाटेपासून खाली जात होती. त्याच्यासारखे वर येतात, हे तिने पन्नास वेळा पाहिलं होतं. ती सुई भरून त्याच्याकडे निघाली. तेवढ्यात मास्तर धावत आला आणि म्हणाला, बाईंचे ओठ निळे पडलेत.

भावजयीचा ताप तेरा दिवसांचा झाला होता, आणि अंगात काही उरलं नव्हतं. दुसऱ्या कोणाचं असतं तर ताईने कपाळावर मनातल्या मनात तीन रेघा ओढल्या असत्या. ती क्षणभर शेडच्या दारात उभी राहिली. मग वळली, अंगण ओलांडलं, आणि ती सुई भावजयीच्या दंडात टोचली. दोन तासांनी दुसरी. संध्याकाळी तिसरी.

पाव भाजणारा दुपारी गेला. भावजय दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर गेली. शेवटी ती म्हणाली, "उसवा. सगळं उसवा, मी परत शिवते."

मास्तर वही घेऊन दारात उभा राहिला. त्याने सगळं पाहिलं होतं. "त्या पोराचं लिहायचं राहिलंय," तो हळूच म्हणाला. "कारण काय लिहू?"

"ताप," ताई म्हणाली.

त्याने लिहिलं आणि पुन्हा त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

तापाचं प्रेत शहरातून न्यायला परवानगी नव्हती. कारखान्यामागे कैद्यांना पुरत होते, त्याच ओळीत भावजयीला जागा मिळाली. कैद्यांनी खड्डा इतरांपेक्षा खोल खणला. कुंपणापलीकडच्या रस्त्यावर ताईची आई ठकीचा हात धरून उभी होती. ठकी दहा वर्षांची झाली होती. तिने कुंपणाच्या तारेतून आत्याकडे पाहिलं. ताई अंगरख्यात होती, गळ्यापासून घोट्यापर्यंत बंद.

"हा आईने शिवलाय?" ठकीने विचारलं.

"हो."

"मग आईने का नव्हता घातला?"

आजीने नातीला जवळ ओढलं, पण ठकी मान वळवून आत्याकडेच बघत राहिली.

बहात्तराव्या दिवशी शेवटच्या रोग्याचा ताप उतरला. अकराशेपैकी सातशे नव्वद वाचले. चार महिन्यांनी लढाई संपली आणि कैदी आपल्या देशी गेले. मास्तराने वहीतलं प्रत्येक नाव सोबत नेलं. पुढच्या वर्षी परक्या तिकिटांची पत्रं येऊ लागली, त्यांतली बरीचशी ताईला वाचताही येत नव्हती. एका पत्रात फक्त एका म्हातारीने काढलेलं तिच्या घराचं चित्र होतं.

मग शहराचं मन बदललं. शहर असंच असतं, त्याला राग धरून ठेवायलाही वेळ नसतो. ज्या पेपराने शिव्या दिल्या त्यानेच तिचा फोटो छापला. तापाच्या नर्सिंगची पहिली शाळा काढायला तिला जागा मिळाली, आणि भावजयीचा अंगरखा सगळ्या फौजेत वापरला जाऊ लागला. नगरसभेने कारखान्याच्या भिंतीवर पाटी बसवायची ठरवली तेव्हा ताई म्हणाली, पाटीवर माझ्या आधी भावजयीचं नाव घाला. सभेचे चिटणीस सभ्यपणे म्हणाले की त्या काही शिकलेल्या नर्स नव्हत्या, आणि पाटीवर जागाही मर्यादित आहे. "मग दोघींचंही राहू द्या," ताई म्हणाली. पाटी बसली नाही.

ठकी आजीच्या आणि आत्याच्या हाताखाली मोठी झाली. ती उद्धट कधीच वागली नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, ताट वाढलं तर जेवायची, आजारी पडली तर आत्याने दिलेलं औषध घ्यायची. पण आपणहून बोलायची फक्त आजीशी. ताईने वेणी घालायला जवळ घेतलं की ती अंग चोरून बसायची. हजारो माणसांचं अंग ज्या हातांनी पुसलं ते हात त्या पोरीच्या केसांत घाबरत फिरायचे. एकोणिसाव्या वर्षी तिला दूरच्या शहरात टेलिफोन केंद्रावर नोकरी लागली. पत्रं यायची ती आजीच्या नावाने. आजीला दिसत नसे, म्हणून ती ताईच वाचून दाखवायची. शेवटी "आत्याला सांग" असं कधी आलं, तर ते ताई दोनदा वाचायची.

आजी गेली तेव्हा ठकी सव्वीस वर्षांची होती. ती चार दिवसांसाठी आली. भेटायला येणारी माणसं संपली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दोघीच स्वयंपाकघरात राहिल्या, तेव्हा ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "तू आईला परत पाठवायला हवं होतंस."

"हो," ताई म्हणाली.

"तुझ्यासाठी सगळे सारखे. ते लोक आणि आई, सगळे सारखे. शाळेत तुझ्यावर धडा आहे, माहीत आहे? तिने आपपरभाव केला नाही, असं लिहिलंय त्यात. तो पाठ करून मी पैकीच्या पैकी गुण मिळवलेत."

ताईने हातातलं पातेलं खाली ठेवलं. सोळा वर्षांत तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या डॉक्टरलाही नाही.

"धड्यात खोटं आहे ते," ती म्हणाली. "मी केला आपपरभाव." आणि तिने तीन कुप्यांचं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलंही नाही.

ठकीने हातातलं पुसलेलं भांडं पुन्हा पुसलं. "आईला उपयोग झाला नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"आणि त्याला झाला असता."

"बहुतेक."

"मग हे मला कशाला सांगितलंस? आता मी तुझ्यावर रागावू कशी? आणि नाही रागावले तर त्याचं काय?" तिचा आवाज फुटला. "तो कोण होता?"

"पाव भाजायचा. बावीस वर्षांचा. घरी आई आणि दोन बहिणी. मी त्यांना पत्र लिहिलं होतं, पण हे नाही लिहिलं."

ठकीने फडकं तोंडावर दाबलं आणि ती लहान मुलीसारखी रडली. ताई उठून जवळ गेली, पण हात लावायचं तिला धाडस झालं नाही. ती नुसती शेजारी उभी राहिली. थोड्या वेळाने ठकीच टेकली, खांद्याला, जेमतेम. आणि मग लगेच सरळ झाली, डोळे पुसून उरलेली भांडी फळीवर लावू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती गेली.

आता घरात पत्र यायचं कारण उरलं नव्हतं. ताई शाळेत शिकवत राहिली. नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी कपड्याचा ढीग कसा उचलायचा ते शिकवायची, आणि त्या तासाला तिचा आवाज इतका कडक व्हायचा की मुली एकमेकींकडे बघत. आपापला अंगरखा घातल्याशिवाय ती कुणालाही, अगदी बादली भरणाऱ्या बाईलाही, अंगणात उतरू देत नसे.

तीन महिन्यांनी ठकीचं पत्र आलं. पाकिटावर ताईचं नाव होतं. आत सात ओळी. केंद्रावरच्या मैत्रिणीचा खोकला महिनाभर जात नाही, संध्याकाळी बारीक ताप येतो, काय करावं? सुट्टी मिळणार नाही, त्यामुळे इतक्यात येणं व्हायचं नाही. तब्येतीला जप.

ताईने त्याच दिवशी उत्तर लिहायला घेतलं. आधी चार पानं झाली, त्यांत भावजय होती, भाऊ होता, ती सकाळ होती. ती पानं तिने फाडली. दुसऱ्यांदा लिहिलं ते एका पानात मावलं. मैत्रिणीला छातीचा फोटो काढायला सांग, पेला वेगळा ठेव, खिडकी उघडी ठेवून झोप. खाली थोडी जागा उरली होती. तिथे काय लिहावं हे तिला बराच वेळ सुचेना. शेवटी तिने लिहिलं, "ती कशी आहे ते मला कळव," आणि पत्र बंद करून ती टपालपेटीकडे चालत गेली.